तात्याबाचा ओंबीचा टायर

आष्ट्यात तात्याबाच्या दुकानी टायर घ्यायला जायचं म्हणजे मुलीच्या बापापुढं जाऊन बसण्यासारखं होतं. गिऱ्हाईक म्हणायचं, "तात्याबा, एक टायर दे." तात्याबा खालची मान वर न करता विचारायचा, "जानार कुठं?"

"जानार कुठं म्हंजे? सायकलीला घालनार."

"सायकल जानार कुठं त्ये इचारतोय. नदीकडच्या काळ्या रानात जानार, का खानापूर-आटपाडीच्या बाजूला? सडकंनं जानार का बांधानं? एकटाच बसनार का मागं कारभारीन बी?"

एवढी उत्तरं दिल्याशिवाय खुंटीवरचा टायर खाली यायचा नाही. एकदा पेठेतला एक शेठ तापून म्हणाला, "अरे, तुला टायर विकायचाय का माझी कुंडली मांडायचीय?" तात्याबानं शांतपणे सांगितलं, "कुंडली चुकली तर संसार कसातरी वढता येतोय शेठ. टायर चुकला तर सायकल खांद्यावर घेऊन यावं लागतंय." शेठनं टायर घेतला, आणि वर चहाही पाजला.

तात्याबा आटपाडीकडचा. धनगराचं घर, बाप हरिबा आयुष्यभर मेंढरांच्या मागं हिंडलेला. पाऊस सरला की हरिबाचं मेंढरांचं खांड दुष्काळी मुलूख सोडून कृष्णाकाठी उतरायचं, आणि पाऊस पडायच्या बेताला परत वर जायचं. अशाच एका खेपेला तात्याबा आष्ट्यात राहिला तो राहिलाच. एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली पंक्चर काढायला शिकला, मिस्त्री गेल्यावर दुकान चालवायला घेतलं, धोंडुबाईला लग्न करून आणलं. मेंढरं सुटली, पण मेंढक्याची रीत काही सुटली नाही. बाप म्हणायचा, एका रानात बारा महिने मेंढरू ठेवणारा माणूस धनगर नव्हे. तसंच एका टायरावर बारा महिने सायकल हाणणारा माणूस तात्याबाच्या लेखी अडाणी, मग तो मॅट्रिक झालेला का असेना.

उन्हाळ्यात वरच्या मुलखाला जाणाऱ्याला तो जाड पाठीचा टायर द्यायचा आणि आतून जुन्या टायरचा एक थर घालायचा, कारण तिकडं बाभळीचा काटा रस्त्यालाही सोडत नाही. दुपारच्या उन्हात निघणाऱ्याच्या चाकातली हवा तो स्वतःच्या हातानं थोडी सोडायचा. पावसाळ्यात तर त्याचा सगळा हिशोबच उलटा व्हायचा. लोकांना वाटायचं, चिखल आला, आता रुंद टायर हवा. तात्याबा म्हणायचा, काळ्या मातीत रुंद टायर म्हणजे गळ्यात धोंडा. माती चाकात आणि वरच्या पत्र्यात दडपून बसते आणि सायकल गाढवासारखी अडून राहते. म्हणून पावसाळ्यात पत्रे काढून ठेवायचे, टायर बारीक घ्यायचा, आणि त्याची नक्षी अशी मोकळी हवी की चाक फिरता फिरता माती आपोआप गळून पडावी. उसाच्या हंगामात गाड्या वाढल्या की बैलांच्या नालांचे खिळे रस्त्यावर सांडायचे. तेव्हा पुन्हा जाड पाठ. आणि बरा टायर नेहमी पुढच्या चाकाला. लोक मागं घालायला बघायचे, तेव्हा तात्याबा सांगायचा, "मागचा घसरला तर पाय टेकता येतोय. पुढचा घसरला तर डायरेक त्वांडच टेकतंय."

त्याची आणखी एक कला होती, आणि तिनंच त्याचं वाटोळं केलं. धनगराला आपल्या मेंढराच्या खुराचा माग दुसऱ्याच्या शंभर खुरांत ओळखू येतो. तात्याबाला टायरचे माग तसे ओळखू यायचे. सकाळी दुकानाची फळी काढली की झाडू हातात घेण्याआधी तो रस्त्यातल्या धुळीकडं बघायचा आणि सांगायचा, "डाक्टर वाळव्याला गेलं. मास्तर अजून घरातच हायती." त्यानं प्रत्येक नक्षीला नाव ठेवलं होतं. चौकडीची ती चटई. दातऱ्या काठाची ती करवत. मधे रेघ आणि दोन्ही बाजूंनी तिरप्या कडा, ती गव्हाची ओंबी. त्यातही अमक्याची चटई डाव्या कडेला झिजलेली, तमक्याच्या करवतीला मधे शिवण. लोक मुद्दाम जमायचे, पैजा लावायचे, आणि तात्याबाची छाती फुगायची. दिवस कसले आहेत आणि आपण कशाच्या फुशारक्या मारतोय, हे त्या भोळ्या माणसाच्या ध्यानातच आलं नाही.

दिवस लढाईचे होते. जपाननं मलाया घेतलं आणि इकडं रबर मिळेनासं झालं. नवा टायर दिसणं म्हणजे साखर दिसण्यापेक्षा दुर्मीळ. लोक फाटका टायर चांभाराकडून शिवून घ्यायचे, गुळगुळीत झाला तरी हाणायचे. आणि त्याच वेळी इथं साताऱ्याच्या दक्षिण भागात बेचाळीसची आग विझलेली नव्हती. कितीतरी घरची पोरं भूमिगत होती, उसात राहत होती, पोलीस त्यांच्या मागावर होते. अशा दिवसांत जमीन वाचता येणं ही गंमत नसते.

तात्याबाच्या दुकानात एक लाकडी खोकं होतं आणि त्यावर सयाजी बसलेला असायचा. सयाजी मोठ्या घराण्यातला, नदीकाठी उसाची जमीन असलेला. पलटणीत होता, आफ्रिकेत पायाला गोळी लागून घरी परत आलेला. गावात त्याला बोलायला माणसं खंडीभर होती, पण तो तात्याबापाशीच येऊन बसायचा. तात्याबाला त्याचं लय अप्रूप. आष्ट्यात इतकी वर्षं काढली, पण लोक त्याच्याशी बोलायचे ते टायरपुरतं. कुणी त्याला 'गड्या' म्हणून हाक मारली नव्हती. सयाजीनं मारली. धोंडुबाईला मोठा ताप आला होता तेव्हा सयाजीच लंगडत जाऊन डॉक्टर घेऊन आला होता. तेव्हापासून तात्याबा त्याला सख्ख्या भावाच्या ठिकाणी मानायला लागला.

सयाजीनं माग ओळखायला शिकायचा हट्ट धरला. तात्याबानंही हातचं काही राखलं नाही. कुठली नक्षी कशी उमटते, ओली माती आणि भिजलेली धूळ यांतला फरक, ओझं असलं की माग कसा खोल जातो, माणूस उतरून सायकल ढकलत गेला तर चाकाशेजारी पावलं कशी येतात, सगळं सांगितलं. सयाजी पटापट शिकला. तात्याबानं जो येईल त्याला हे कौतुकानं सांगितलं असतं, पण सयाजीनंच त्याला बजावलं होतं, "गड्या, मी शिकतोय म्हनून बोंबलू नगं. लोकं हसत्याल." आपल्या दोस्ताला लाज वाटू नये म्हणून तात्याबा गप्प राहिला.

चव्वेचाळीसच्या उन्हाळ्याच्या शेवटी सयाजी साताऱ्याला जाऊन आला आणि येताना पलटणीतल्या ओळखीनं टायरांची एक नवी कोरी जोडी घेऊन आला. ओंबीची नक्षी, बारीक अंग, कडा अशा मोकळ्या की बोट फिरावं. तात्याबानं ती हातात घेतली आणि हुंगलीसुद्धा. नव्या रबराचा वास विसरायला झाला होता. पावसाळ्यात काळ्या रानातून जाण्यासाठी असा टायर देवानं घडवला तरी याहून चांगला घडवला नसता. त्यानं ती जोडी खुंटीवर टांगली आणि मागणाऱ्या प्रत्येकाला नाही म्हणून सांगितलं.

मग आषाढात एका दुपारी, पाऊस असा कोसळत होता की पेठेत कुत्रंसुद्धा नव्हतं, तेव्हा घोंगडीची खोळ घेतलेला एक माणूस सायकल ढकलत दुकानात शिरला. खोळ मागं सारली तर मानसिंग. मानसिंग सयाजीचा चुलत भाऊ, आणि भूमिगतांमधला. नदीच्या अल्याड-पल्याड, पार पलूसपर्यंत निरोप पोचवायचं काम त्याच्याकडं होतं. त्याचे दोन्ही गुडघे फुटलेले होते.

"तात्याबा, तीनदा पडलो. परवा तर चौकीपुढंच पडलो. हसून उठलो म्हनून वाचलो. ह्या टायरावर आता मरन हाय माझं."

तात्याबानं त्याचा टायर बघितला. तळहातासारखा गुळगुळीत. त्यानं खुंटीवरची ओंबीची जोडी काढली. सयाजी खोक्यावरून उठला आणि चाक धरून बसला. दोघांनी मिळून दोन्ही टायर चढवले, पत्रे काढले, तात्याबानं हवा बोटानं दाबून बघितली. त्याच्या मनात एकच होतं, हा पोरगा पडता कामा नये. सगळ्या मुलखात लोक गुळगुळीत आणि शिवलेल्या टायरांवर हिंडत असताना ही एकच कोरी नक्षी चिखलात उमटत जाणार, हे त्याच्या ध्यानात आलं नाही असं नाही. आलं. पण तो मनाशी म्हणाला, एवढ्या पावसात माग राहतोय कशाला? माग राखायचा नाही म्हणून पावसातून मेंढरं हाकणाऱ्यांची त्याची जात. तिथंच तो चुकला.

कारण पाऊस थांबला. श्रावणाच्या तोंडाला कडक उघडीप पडली. सकाळच्या चिखलात उमटलेली ओंबी दुपारच्या उन्हात वाळून मातीच्या साच्यासारखी कडक झाली. नदीच्या उतारापासून निघालेला तो माग पांदीतून, बांधावरून, पलूसकडच्या एका उसाच्या फडात गेलेला होता. त्या मागावरून चालत फौजदार आणि शिपाई मधल्या खोपीपर्यंत पोचले आणि त्यांनी मानसिंगला जेवत्या ताटावरून उचललं.

दुसऱ्या दिवशी बातमी आली ती अशी: पोलिसांनी टायरचा माग काढला. आणि माग काढणारा म्हटल्यावर सगळ्या पंचक्रोशीच्या तोंडात एकच नाव आलं.

तात्याबाला हे कळलं ते गिऱ्हाइकाच्या पाठीवरून. पंक्चरला दिलेली सायकल एकजण तशीच उचलून घेऊन गेला. त्यानं पेठेत नजर टाकली, कुणी नजर दिली नाही. त्याला वाटलं, सयाजी आला की त्याला विचारू. सयाजी त्या दिवशी आला नाही. पुढच्या दिवशीही खोकं रिकामंच राहिलं. त्यानंतर आप्पासोंच्या मळ्यात येऊन जा म्हणून निरोप आला.

आप्पासो म्हणजे त्या भागातला वडीलधारा माणूस. भूमिगत पोरं त्यांचा शब्द मोडत नसत. फितुराचं काय करतात हे आष्ट्यातलं शेंबडं पोरसुद्धा सांगू शकलं असतं. तळपायावर काठ्या बसत, आणि त्यानंतर तो माणूस कधी सरळ चालत नसे. धोंडुबाई दारापर्यंत मागं आली.

भरदुपारी आंब्याखाली माणसं बसली होती. पोरांच्या हातात काठ्या होत्या. आणि आप्पासोंच्या शेजारी सयाजी बसला होता. त्याला बघून तात्याबाचा जीव भांड्यात पडला.

आप्पासो म्हणाले, "तात्याबा, टायर कुनी घातला?"

"म्या घातला."

"तसला टायर आनखी कुनाच्या सायकलीला हाय?"

"न्हाई."

"मग त्यो माग मानसिंगचा हाय ह्ये फौजदाराला कुनी सांगितलं? टायरची नक्षी वळखनारा ह्या गावात तुझ्याबिगार कोन हाय?"

तात्याबानं सयाजीकडं बघितलं. त्याच्या मनात तोवर सयाजीबद्दल वाईट आलंच नव्हतं. त्याला एवढंच वाटत होतं की सयाजी आता बोलेल, म्हणेल की टायर चढवला तेव्हा मी तिथं होतो, तात्याबाच्या मनात पाप नव्हतं. नुसतं एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं.

"सयाजीला इचारा," तात्याबा म्हणाला. "त्यो हुता तिथं. त्याला समदं ठाव हाय. त्याला बी माग कळतोय, म्याच शिकीवलाय."

सगळे सयाजीकडं वळले. सयाजीनं पायावरचा मुंगळा बोटानं उडवला. "मला काय कळतंय त्यातलं?" तो म्हणाला. "मी पलटनीतला मानूस. पाय दुखतोय म्हनून बसत हुतो त्याच्या दुकानी. म्या कवा माग शिकलो?"

तो तात्याबाच्या डोळ्यांत बघून हे बोलला. आणि तात्याबाला त्याच घटकेला कळून चुकलं. फौजदाराला मागावर कुणी नेलं ते. का नेलं ते मात्र नाही. ज्याला भाऊ मानलं तो असा डोळ्यांदेखत पलटलेला बघून त्याला ओरडावंसं वाटलं. पण ओरडून तरी काय उपयोग? एका बाजूला नदीकाठचं घराणं, दुसऱ्या बाजूला आटपाडीचा धनगर. शब्दाला शब्द लागला तर कुणाचा शब्द जड, हे सांगायला पंच लागत नाहीत.

काठ्या उठल्या, पण आप्पासोंनी हात आडवा केला. "हात लावायचा न्हाई," ते म्हणाले. "मानसिंगनं चौकीतनं निरोप धाडलाय, मी सुटून आल्यावर काय त्ये बोलीन म्हनून. त्यो ईल, त्योच सांगंल. तवर ह्याच्या दुकानाची पायरी कुनी चढायची न्हाई."

पाय वाचले. तात्याबा चालत घरी आला आणि धोंडुबाईला म्हणाला, "मानसिंगराव येऊ देत. त्यास्नी ठाव आसंल. त्ये सांगत्याल." त्या दिवसापासून हे एकच वाक्य त्या घराचा आधार झालं.

दुकान ओस पडलं. सायकलवाला गावाच्या दुसऱ्या टोकाला पंप मागून हवा भरायचा, पण तात्याबाच्या दारात थांबायचा नाही. विहिरीवर धोंडुबाईची घागर आली की बायका आपली घागर उचलून घ्यायच्या. राहीबाई नावाची एक तर तोंडावर म्हणाली, "सरका बायांनू, फितुराचं पानी लागंल." तात्याबा जुने टायर कापून वहाणा करायला लागला. त्या घेऊन तो वर आटपाडीच्या बाजाराला जायचा, तिथं त्याला कुणी ओळखून थुंकत नसे. धोंडुबाई एकदा म्हणाली, "आपल्या मुलखाला जाऊया की आवं. हितं काय ऱ्हायलंय?" तात्याबा म्हणाला, "आता गेलो तर ज्यानं केलं त्यो पळाला म्हनत्याल. नाव धुतल्याबिगार म्या हितनं हलनार न्हाई."

त्या दिवाळीच्या सुमाराला सयाजीच्या खांद्यावर बंदूक दिसायला लागली. त्या दिवसांत बंदुकीचा परवाना मिळणं म्हणजे चेष्टा नव्हती. लोक म्हणाले, पलटणीतला माणूस, मिळायचाच. तात्याबा वहाण शिवत होता. बंदूक समोरून गेली आणि आरी त्याच्या अंगठ्यात घुसली. एवढ्यासाठी, तो मनात म्हणाला, एका नळकांड्यासाठी गड्या!

पुढच्या चैत्रात त्यानं साताऱ्याच्या तुरुंगात जाऊन मानसिंगला भेटायचं ठरवलं. कितीतरी दिवसांनी त्यानं स्वतःची सायकल बाहेर काढली, आणि सवयीनं तिच्या टायरांचा विचार करत बसला. सडकेला खडी, मधेमधे डांबर, ऊन चैत्राचं. पुढं त्यानं बरी पाठ असलेला टायर घातला, मागं आतून थर घालून शिवलेला. दशम्या बांधून निघाला, कराडात मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी उंब्रजच्या पुढं डांबर उन्हानं पातळ झालं होतं, चाक चिकटत होतं. त्यानं झाडाखाली थांबून दोन्ही चाकांतली हवा कमी केली, ऊन कलल्यावर परत भरली. वाटेत मानसिंगरावांपुढं काय बोलायचं ते तो घोकत होता. टायर माझा होता, चूक माझी होती, पण फितुरी माझी नव्हती. तुमी एवढं एक लोकांस्नी सांगा.

तुरुंगाच्या दारात शिपायानं नाव विचारलं, आत गेला आणि बऱ्याच वेळानं बाहेर आला. "येत नाही म्हणतो. आज कुणाला भेटणार नाही."

"आष्ट्याचा तात्याबा म्हनून सांगितलं का?"

"सांगितलं. नाव ऐकूनच नाही म्हणाला."

तात्याबानं दशम्यांची पुरचुंडी शिपायाच्या हातात दिली. घरी येऊन धोंडुबाईला म्हणाला, "तब्येत बरी नसंल. तुरुंगातलं खानं." धोंडुबाईनं त्याच्यापुढं भाकरी वाढली. मनाची समजूत घालायला माणसाला फार मोठं कारण लागत नाही.

लढाई संपली, सरकार नरमलं, आणि शेहेचाळीसच्या उन्हाळ्यात राजबंदी सुटायला लागले. मानसिंग आष्ट्यात आला तो वाजतगाजत. लेझीम होतं, गुलाल होता. पहिला हार घातला सयाजीनं, खांद्याला बंदूक तशीच. तात्याबा धुतलेली पैरण घालून आणि डोक्याला कोरा पटका बांधून गर्दीच्या मागं उभा होता. लोक त्याच्यापासून अंग चोरून उभे होते, पण आज त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. आता घटकाभराचा प्रश्न होता.

मानसिंग बोलायला उभा राहिला. त्यानं भाकरी देणाऱ्या आयाबायांचे आभार मानले. नावेतून पार नेणाऱ्या नावाड्याचे मानले. आपल्या घराण्यानं सोसलेल्या हालांबद्दल बोलला. तात्याबाला प्रत्येक वाक्याला वाटायचं, आता, आता. मग मानसिंगनं हात जोडले आणि हलगी वाजायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्याबा त्याच्या मळ्यात गेला. मानसिंग मोटेजवळ अंघोळ करून उभा होता. तात्याबाला बघितल्यावर त्यानं भोवतीच्या माणसांना कामाला पिटाळलं.

"मानसिंगराव, काल तुमी माझ्याबद्दल बोलला न्हाईसा."

"बस, तात्याबा."

"बसायला न्हाई आलो. म्या फितूर न्हाई. ईळभर उनात हुबा करून इचारा, मी ह्येच सांगीन."

"तू न्हाईस," मानसिंग म्हणाला. "मला ठाव हाय."

तात्याबाचे डोळे भरून आले. इतक्या दिवसांनी कुणाच्या तरी तोंडून हे शब्द त्यानं ऐकले होते. तो वाकून मानसिंगचे पाय धरणार होता. "मग चला की आत्ता आप्पासोंकडं. एवढंच सांगा त्यास्नी. कोन हाय त्ये सांगू नगा वाटलं तर."

"कोन हाय त्ये बी ठाव हाय. मला धरलं तवा त्यो बांधावर फौजदाराशेजारी हुबा ऱ्हाऊन बोटानं जमीन दावत हुता. म्या सोता बगितला सयाजीला."

मोटेचं पाणी थारोळ्यात पडत होतं.

"तुमी चौकीतनं निरोप धाडला हुता," तात्याबा म्हणाला. "आल्यावर बोलीन म्हनून."

"त्यो तुझ्यासाठीच धाडला की. न्हाईतर पोरांनी तुझं पाय ठिवलं असतं? तुला कुनी हात लावला न्हाई ह्ये माझ्यामुळं."

"मारू नका एवढं सांगायला त्वांड उचाललं, आन 'त्यो न्हाई' म्हनायला न्हाई उचाललं?"

मानसिंगनं खाली बघितलं. "तू न्हाईस म्हटलं असतं तर मग कोन, असं इचारलं असतं. चुलत भाऊ हाय त्यो माझा. चुलती तुरुंगात येऊन माझ्या पायावर डोस्कं आपटून गेली. त्याची लेक लग्नाची हाय. आमच्या घराण्यात फितूर निघाला म्हनल्यावर आमच्या पोरी कोन करनार? आप्पासोंस्नी बी काल सांगितलंय, जुनं आता उकरू नका म्हनून."

"आन माझं नाव, मानसिंगराव?"

"तुझं काय, तात्याबा? तू वरच्या मुलखाचा. आज हितं, उद्या आटपाडीला. तुमी मेंढरामागं हिंडनारी मानसं. आमाला पिढ्यान्‌पिढ्या हितंच ऱ्हायाचं हाय." मग त्याचं त्यालाच काही वाटलं असावं. "उद्यापास्नं माझी सायकल तुझ्याकडंच धाडतो. मी आलो की हळूहळू लोकं बी येत्याल."

"नगा धाडू," तात्याबा म्हणाला, आणि वळला.

सयाजीनं दगा दिला तेव्हा तात्याबाला राग आला होता. रागाला निदान धरून उभं राहता येतं. आज त्याला राग येईना. सयाजीनं बंदुकीसाठी एकदा विकलं. ह्यानं, ज्याच्यासाठी खुंटीवरची एकुलती जोडी काढून दिली होती त्यानं, रोज सकाळी उठून आठवणीनं गप्प बसून विकलं. तो पेठेतून घरी आला तेव्हा कुणीतरी त्याच्या मागं पचकन थुंकलं. त्यानं मागं वळून बघितलं नाही.

घरात पुरणाचा वास येत होता. धोंडुबाईनं चूल सारवली होती, ठेवणीतलं लुगडं नेसली होती. तिला वाटत होतं, आज सगळं मिटणार. तो उंबऱ्याशी बसला.

"काय म्हनलं?" तिनं विचारलं. "सांगनार हायती न्हवं?"

"न्हाई."

"का? त्यास्नी ठाव न्हाई व्हय?"

"ठाव हाय. त्यास्नी ठाव हुतं."

"कवापास्नं?"

"पैल्या दिसापास्नं."

धोंडुबाईच्या हातातलं लाटणं थांबलं. ती म्हणाली, "आन मी त्यो सुटावा म्हनून उपास धरत हुते."